बाहेरून लागणारी कडी: व्हिक्टोरिया ट्रेलर प्रकरण आणि त्यातून उभी राहणारी गुन्हेकथा

१४ मे २००३, रात्रीचे दोन वाजून गेलेले. टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया शहराबाहेर, यू.एस. ७७ महामार्गालगतच्या ट्रक-थांब्यावर एक बंदिस्त ट्रेलर उभा होता. त्याला ओढणारा ट्रकचा पुढचा भाग केव्हाच निघून गेला होता. मागची दारं सताड उघडी, आसपास अर्धमेली माणसं आणि आत एकमेकांवर पडलेले मृतदेह. त्या पेटीत ७०हून जास्त माणसं कोंबली होती. बहुतेक मेक्सिकोची, बाकीची होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि डॉमिनिकन रिपब्लिकची. १७ जण तिथेच गेले, २ इस्पितळात. एकूण १९. त्यांत एक मुलगा जेमतेम ५ वर्षांचा.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला हे प्रकरण पहिल्या नजरेत बिनकामाचं वाटेल. ट्रकचालक टायरोन विल्यम्स काही तासांतच ह्यूस्टनच्या एका इस्पितळात सापडला. टोळीतले बाकीचेही फार काळ लपून राहिले नाहीत. १४ जणांवर आरोप ठेवले गेले. ‘खुनी कोण?’ हे कोडं पहिल्याच दिवशी सुटलं. तरी मेक्सिकन स्थलांतरितांच्या हालअपेष्टांवर गुन्हेकथा लिहायची असेल तर अभ्यासाला याहून चांगलं प्रकरण नाही, कारण खटला पुढे ८ वर्षं एका वेगळ्याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. कुणाला काय माहीत होतं, ते किती वाजता माहीत झालं, आणि त्या क्षणी त्याच्या हाताशी कोणतं बटण होतं? कथेचं रहस्य इथे आहे. चोरवाटा, बंदुका आणि टोळीयुद्धं यांत ते नाही.

नदीनंतरची दुसरी सीमा

रिओ ग्रांदे नदी ओलांडली की माणूस ‘एल ओत्रो लादो’ला, म्हणजे पलीकडे, पोचला असं वाचकाला वाटतं. बहुतेक कथाही तिथेच सुटकेचा श्वास टाकतात. प्रत्यक्षात तो अजून मधल्याच पट्ट्यात असतो. नदीपासून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलची, म्हणजे अमेरिकी सीमा पोलिसांची, कायमची चौकी आहे: ७७ क्रमांकाच्या महामार्गावर सारिटाजवळ, २८१वर फाल्फुरियासजवळ, लारेडोहून निघणाऱ्या आंतरराज्य ३५वर २९व्या मैलाशी. या प्रकरणातली माणसं भरली गेली हारलिंजनजवळ. तिथून सारिटाची चौकी साधारण ९० किलोमीटर.

चौकीला वळसा घालून चालत जायचं तर केनेडी किंवा ब्रूक्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) खाजगी रानांमधून काटेरी झुडपं आणि भुसभुशीत वाळू तुडवत दोन-तीन रात्री काढायच्या. पाण्याच्या दोन कॅन खांद्यावर. मागे पडलेल्यासाठी कोणी थांबत नाही. ब्रूक्स काउंटीत अशी इतकी माणसं मेली की फाल्फुरियासच्या सेक्रेड हार्ट दफनभूमीत बेनाव पुरलेले मृतदेह २०१३पासून विद्यापीठांच्या पथकांना उकरून ओळखावे लागले.

लेखक पहिल्यांदा घसरतात ते इथे. ट्रेलरमध्ये चढणारी माणसं त्यांना भाबडी किंवा फसवली गेलेली वाटतात. दोन-तीन रात्री रान तुडवण्यापेक्षा काही तासांची पेटी हा त्यांच्या हिशेबात सुरक्षित पर्याय असतो. ५ वर्षांच्या मुलाला घेऊन निघालेल्या बापाला तर दुसरा पर्यायच नाही. पात्राने ट्रेलर निवडला याचं कारण त्याच्या व्यवहारबुद्धीत दाखवता आलं नाही, तर पुढचा सगळा अत्याचार नशिबाच्या खात्यावर जातो आणि गुन्हेकथेची शोकांतिका-मालिका होते.

हा पेच तयार कसा झाला, हेही कथेच्या पोटात असायला हवं, पण परिच्छेदभराहून जास्त नको. १९९३ला एल पासोत, १९९४ला सॅन दिएगोत आणि १९९७पासून ब्राउन्सव्हिलच्या बाजूला सीमेवरच्या शहरांत गस्त दाट झाली. १ जानेवारी १९९४ला उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पेसो कोसळला. गावाकडून माणसं जास्त निघाली आणि शहरातल्या सोप्या वाटा त्याच सुमारास बंद झाल्या. पूर्वी ओळखीच्या वाटेने एकटादुकटा जाणारा मजूर आता ‘कोयोते’शिवाय पाऊल टाकू शकेना.

सहा हात, सहा फोन

माणसं नेणाऱ्याला मेक्सिकोत ‘कोयोते’ म्हणतात किंवा ‘पोयेरो’, म्हणजे कोंबड्या विकणारा. नेली जाणारी माणसं ‘पोयोस’, कोंबड्या. सीमेवरचे पोलीस ‘ला मिग्रा’. माणसं लपवून ठेवायचं घर ‘कासा दे सेगुरिदाद’, शब्दशः सुरक्षेचं घर. त्या घरात खिडक्यांना पत्रे ठोकलेले असतात, चपला-बूट काढून घेतलेले असतात, आणि एका संडासात ३० माणसं.

साखळी साधारण अशी चालते. गावातला ओळखीचा माणूस गिऱ्हाईक जोडून देतो. दुसरा नदी पार करून देतो. तिसरा घर सांभाळतो, चौथा ट्रकचालक शोधतो, पाचवा गाडी चालवतो, सहावा ह्यूस्टनला माणसं उतरवून घेतो. प्रत्येकाकडे फक्त पुढच्याचा फोन नंबर. आगाऊ रक्कम आधीच दिलेली असते, उरलेली ह्यूस्टनला पोचल्यावर तिथले नातेवाईक भरतात आणि मगच माणूस सुटतो. वाटेत मेलेला माणूस म्हणजे साखळीला तोटा. म्हणून इथे कोणाला मारायचं नसतं, आणि तरीही सगळे मिळून मारतात.

व्हिक्टोरिया प्रकरणात अनेक छोट्या टोळ्यांनी आपापली माणसं एकाच ट्रेलरमध्ये भरली. वर कोणी सम्राट बसलेला नव्हता. घरातून गाडी सुटत नाही तोवर जेवणखाण आणि पकडले जाण्याचा धोका दोन्ही वाढत जातात, त्यामुळे मिळालेल्या गाडीत सगळे कोंबायचे हे ओघानेच आलं. आकडा फुगला तो क्रौर्यापेक्षा या घाईमुळे. चालकाला एका खेपेचे ७,५०० डॉलर मिळाले. ७४ माणसं धरली तर माणशी जेमतेम १०० डॉलर. हा भागाकार कथेत एखाद्या पात्राने रुमालावर पेनाने करावा, त्यावर भाष्याची गरज पडणार नाही.

आता कथेची खरी बिजागरी. आधी ठरलं होतं ते माणसं सारिटाची चौकी ओलांडून रॉब्सटाउनला उतरवायची. चौकी पार झाल्यावर निरोप आला की ह्यूस्टनपर्यंत जा. हारलिंजन ते रॉब्सटाउन साधारण दोन तास. रॉब्सटाउन ते ह्यूस्टन त्याच्या जवळजवळ दुप्पट. एका फोनने दोन तासांची पेटी सहा तासांची झाली. फोन करणाऱ्याने दाराला हात लावला नव्हता. त्याला आतली माणसं दिसत नव्हती, ऐकूही येत नव्हती. सबंध प्रकरणात खुनाच्या सर्वांत जवळ जाणारी कृती शोधायची झाली तर मी या फोनवर बोट ठेवीन, पण आरोपपत्रात असा फोन ‘कटाचा भाग’ म्हणून एका ओळीत संपतो. कायद्याच्या त्या एका ओळीत कादंबरीचं एक अख्खं प्रकरण दडलेलं असतं.

पेटीचं अंतरंग

शीतगृहाचा ट्रेलर म्हणजे चाकांवरचा थर्मास. सर्वसाधारण मापं अशी: लांबी ५३ फूट, आतली रुंदी ८ फुटांहून थोडी जास्त, उंची साडेआठच्या आसपास. भिंतींत दोन ते चार इंच जाडीचा पॉलियुरेथेनचा फेस. जमिनीला ॲल्युमिनियमच्या पन्हाळी, कोपऱ्यांत पाणी जायची छोटी भोकं. मागची दोन दारं जाड रबरी पट्टीवर घट्ट बसतात आणि उभ्या दांड्यांच्या कडीने बाहेरून बंद होतात. आत मूठ नसते. मालाला दार उघडायची गरज नसते.

पुढच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूने शीतयंत्र बसवलेलं. त्याला स्वतःचं छोटं डिझेल इंजिन आणि स्वतःची टाकी. ट्रकचं इंजिन बंद असलं तरी ते चालतं. उलट ट्रक धावत असला तरी ते आपोआप सुरू होत नाही. कळ बाहेर असते, चालकाच्या हाताशी. नेमून दिलेलं तापमान तिथेच भरायचं. मुख्य गोष्ट अशी की हे यंत्र आतलीच हवा थंड करून फिरवतं, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. फळं-भाज्यांसाठी काही ट्रेलरना पुढे-मागे छोट्या झडपा असतात, त्या कोणी उघडल्या तरच हवा खेळते. एसीच्या खोलीत बसल्यासारखं चित्र कोणी रंगवू नये.

या पेटीत ७४ माणसं भरली की काय होतं त्याचा हिशेब लेखकाने स्वतः एकदा मांडून पाहावा. माणशी जागा साडेपाच-सहा चौरस फूट, म्हणजे उकिडवं बसण्यापुरती. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. ७४ जण मिळून साडेसात किलोवॅट. घरातले जवळजवळ चार गीझर एका बंद खोलीत सतत चालू ठेवावेत तशी ही गरमी. घाबरलेल्या, धक्काबुक्की करणाऱ्या माणसांची याहून जास्त. बाहेरचं ऊन आत येऊ नये म्हणून घातलेला फेस आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत घाम सुटतो. तो उडून जातो तोवर शरीर तग धरतं. पण ती वाफ कुठे जाणार? छतावरून थेंब ठिबकू लागतात. हवा ओलीने भरली की घाम फक्त ओघळतो, अंग थंड करत नाही. मग आतलं तापमान ४० अंशांच्या आसपास असलं तरी पुरतं. या प्रकरणाच्या बातम्यांत १७३ फॅरनहाइट, म्हणजे ७८ अंश सेल्सियस, हा आकडा फिरत आला आहे. तो कथेत जसाच्या तसा उचलू नये. ७८ अंशांच्या दमट हवेत चार तासांनी साक्ष द्यायला कोणी उरलं नसतं, आणि इथे पन्नासहून जास्त जण वाचले. जाणकार वाचक त्या एका आकड्यावर पुस्तक मिटतो.

श्वासाचंही तसंच. अशा पेटीत हवा साधारण १०० घनमीटर. गळती शून्य धरली तर चार तासांत कार्बन डायऑक्साइड साडेपाच टक्क्यांच्या आसपास जातो. एवढ्यात डोकं ठणकतं, धाप लागते, भान सुटू लागतं. ‘ऑक्सिजन संपला’ हे वाक्य कथांत हमखास येतं. प्रत्यक्षात गुदमरायला लावतो तो आधी साठलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच्याही आधी उष्णता पाडते. वैद्यकीय तपासात कारणं निघाली ती निर्जलीकरण, उष्माघात आणि गुदमरणं. मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त असते, घाम कमी.

आतल्यांनी काय केलं? भिंतीचा फेस नखांनी ओरबाडला. मागच्या लाल दिव्यांपाशी भिंत सगळ्यांत कमकुवत असते. दिवे फोडले, त्यांच्या जागी पडलेल्या मुठीएवढ्या भोकांना पाळीपाळीने तोंडं लावली. त्या भोकातून बाहेर काहीतरी हलताना मागच्या गाडीवाल्याला दिसलं. धावत्या ट्रकचा मागचा दिवा गेलेला आणि तिथून हात बाहेर. कथेत हे दृश्य बाहेरून लिहावं, मागच्या गाडीच्या काचेतून. आतून लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि आत अंधार असतो. कोणाला कोणाचा चेहरा दिसत नाही, नावं ठाऊक नसतात, तासाभराने बोलायचं त्राण राहत नाही. अंधारात तीस पात्रांचे संवाद रंगवणारा लेखक त्या पेटीत कधी मनानेही शिरलेला नसतो.

त्या रात्रीचं घड्याळ

रात्री दहाच्या सुमारास हारलिंजनबाहेर माणसं भरली. तासाभराने सारिटाची चौकी. इथे कायद्याचा एक बारकावा उपयोगी पडतो. १९७६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार कायम चौकीवर कुठलीही गाडी संशयाविना थांबवून प्रश्न विचारता येतात. पण ट्रेलर उघडायला चालकाची संमती किंवा ठोस कारण लागतं. उदाहरणार्थ, कुत्र्याने दिलेला इशारा. म्हणजे आतबाहेरच्या सगळ्यांचं भवितव्य दोन-तीन वाक्यांच्या संभाषणावर टांगलेलं. ट्रक पुढे सुटला.

चौकीवरचा तो अर्धा मिनिट कथेतला सर्वांत ताणलेला प्रसंग होऊ शकतो, कारण आतल्यांपुढचा पेच सरळ आहे. ओरडलं तर जीव वाचेल, पण भरलेले पैसे, गावाकडचं कर्ज आणि सगळी वाट पाण्यात. गप्प राहिलं तर पुढच्या शहरात दार उघडेल. दार लवकरच उघडणार आहे हे त्यांनी धरलेलं आहे, कारण त्यांना रॉब्सटाउन माहीत आहे. ह्यूस्टनचा फोन त्यांना माहीत नाही. वाचकाला तो माहीत असावा की नसावा, हा लेखकाचा निर्णय. माझं मत विचाराल तर आधी सांगून टाकावा. धक्क्यापेक्षा ही जाण जास्त टोचते.

चौकीनंतर भिंतींवर धक्के सुरू होतात. केबिनमध्ये चालकासोबत एक स्त्री होती. तिने पुढे सरकार पक्षातर्फे साक्ष दिली. आवाज ऐकू येत होते, शीतयंत्र सुरू झालं नव्हतं, हे खटल्याचे कणे ठरले. व्हिक्टोरियाला ट्रक थांबला. चालकाने पाण्याच्या बाटल्या विकत घेतल्या आणि फुटलेल्या दिव्याच्या भोकातून आत सारल्या. मग दार उघडलं, आतला प्रकार पाहिला, ट्रेलर सोडवला आणि नुसता पुढचा भाग घेऊन ह्यूस्टनकडे पळाला.

पाण्याच्या बाटल्यांवर जरा थांबायला हवं. बचाव पक्षाला त्यात दया दिसते: त्याला माणसं मरावीत असं वाटत नव्हतं. सरकारी वकिलाला त्यातच पुरावा दिसतो: माणसं तहानेने तडफडताहेत हे ज्याला कळलं त्याने आधी दुकान गाठलं, कडी नंतर काढली. एकच वस्तू, एकच पावती, दोन विरुद्ध अर्थ. रहस्यकथेत इतका नेमका धागा कल्पनेने सहसा सुचत नाही.

कायद्याचं गणित

मृतदेह काउंटीच्या हद्दीत, म्हणून पहिला येतो शेरीफ, काउंटीचा पोलीसप्रमुख. टेक्सासच्या ज्या काउंटीत स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक नाही तिथे मृत्यूची चौकशी ‘जस्टिस ऑफ द पीस’ करतो. हा स्थानिक, निवडून आलेला न्यायाधीश. एरवी वाहतुकीचे दंड आणि भाड्याचे तंटे पाहणारा. मग येतं केंद्र सरकार. स्थलांतरितांचा तपास करणारं आइस हे खातं १ मार्च २००३ला जन्मलेलं, म्हणजे घटनेच्या वेळी अडीच महिन्यांचं. कार्यालयांच्या पाट्याही नीट बदललेल्या नसतील अशा काळातला हा तपास आहे. कथेत आजच्यासारखी सराईत यंत्रणा दाखवली तर काळ चुकतो. तेव्हा चालकांच्या नोंदवह्याही कागदी असत. इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली ती डिसेंबर २०१७पासून. शीतयंत्राच्या छोट्या संगणकात मात्र तापमानाची नोंद राहू शकते. खराब झालेल्या मालाच्या भरपाईसाठी व्यापारी ती काढतात, तर काल्पनिक तपास अधिकाऱ्यालाही ती सुचायला हरकत नाही.

कागद नसलेल्या लोकांची वाहतूक करताना मृत्यू घडला तर केंद्रीय कायद्यात जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. १४ आरोपींपैकी मृत्युदंड मागितला गेला तो एकट्या चालकासाठी. तो जमैकात जन्मलेला, कृष्णवर्णीय. मागणीत वर्णाचा हात आहे का, असा सवाल बचाव पक्षाने केला. ह्यूस्टनच्या न्यायाधीश व्हेनेसा गिलमोर यांनी सरकारकडे उत्तर मागितलं. वरच्या न्यायालयाने ते थांबवलं. ही उपकथा नव्हे. माणसं जमवणारे, कोंबणारे आणि ह्यूस्टनचा फोन करणारे एका बाजूला, आणि गळ्याभोवती दोर फक्त कडीजवळच्या माणसाच्या. जबाबदारी साखळीत खाली कशी घसरत जाते ते याहून उघड कुठे दिसणार?

२००५च्या पहिल्या खटल्यात ज्यूरीने ३८ आरोपांवर दोषी धरलं, २० आरोपांवर एकमत झालं नाही. २००६च्या अखेरीस दुसऱ्या खटल्यात ५८ आरोप सिद्ध झाले आणि जानेवारी २००७मध्ये मृत्युदंड नाकारून जन्मठेप झाली. अपिलात ती टिकली नाही. २०११मध्ये सुमारे ३४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. तपास एका रात्रीचा, निकाल ८ वर्षांचा. कथेचा काळ यातून ठरवायचा झाला तर मी पहिला खटला धरीन. ज्यूरीच्या खोलीतलं ते न झालेलं एकमत, म्हणजे ‘त्याला माहीत होतं’ आणि ‘त्याला माहीत असायला हवं होतं’ यांतली फट.

वाचलेल्यांचं काय झालं तेही पाहायला हवं. ते साक्षीदार म्हणून सरकारला हवे असतात आणि परदेशी म्हणून नको असतात. खटला चालू असेतो राहायची मुभा मिळते. म्हणजे साक्ष देऊन झाली की जमीन पायाखालून सरकणार हे त्यांना ठाऊक असतं. उलटतपासात हाच प्रश्न येतो: इथे राहायला मिळावं म्हणून तुम्ही असं सांगता का? तपास अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिताना हा संवाद सुटतो, म्हणून एक निवेदक साक्षीदारांच्या बाकावरचा ठेवावा.

कळ, कडी, फोन

कथेची मांडणी माझ्या मते या तीन वस्तूंवर उभी राहते. शीतयंत्राची कळ का दाबली गेली नाही? याचं उत्तर खलनायकीत शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधावं. कागदोपत्री ट्रेलर रिकामा असेल आणि शीतयंत्र घरघरत असेल तर चौकीवरचा माणूस विचारणारच, रिकाम्या पेटीत काय थंड करतोयस? बरं, चालू केलं आणि तापमान भाजीपाल्याचं, दोन-तीन अंशांचं ठेवलं, तर घामाने भिजलेली माणसं गारठणार. म्हणजे कळ दाबण्याआधी माणसासाठी किती अंश ठेवायचे हा विचार कोणीतरी करायला हवा होता. मालाचा दर ठरवताना तो विचार झाला नाही. ही कल्पित पात्राची कारणं आहेत, त्या चालकाच्या मनातली नव्हेत. कथेत मात्र ती पटतात.

हे एका रात्रीचं अपवादात्मक प्रकरण राहिलं नाही, म्हणूनही ते आजच्या कथेला लागू पडतं. २७ जून २०२२ला सॅन अँटोनियोच्या किंटाना रस्त्यावर असाच ट्रेलर सापडला. ६४ जण आत, ५३ मृत. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार माणशी १२,००० ते १५,००० डॉलर ठरले होते, आणि शीतयंत्र बिघडलेलं आहे, थंड हवा देत नाही, हे टोळीतल्या काहींना आधीच माहीत होतं. वास दबावा म्हणून पेटीत कसलीशी पूड टाकली होती, फोन काढून घेतले होते. २७ जून २०२५ला, बरोबर तीन वर्षांनी, दोघांना शिक्षा झाली: एकाला जन्मठेप, दुसऱ्याला ८०हून जास्त वर्षं. २००३मध्ये कळ दाबली नाही. २०२२मध्ये कळ दाबूनही उपयोग नाही हे माहीत असताना माणसं भरली. आणि यावेळी शिक्षा झालेले हे दोघे गाडीच्या केबिनमध्ये नव्हते. फोन आणि दर यांच्यापर्यंत कायदा पोचला.

लिहिताना ठेच लागते अशा दोन जागा अजून आहेत. ‘कार्टेल’ हा शब्द पहिल्या पानावर टाकला की लेखकाचं काम हलकं होतं आणि कथा खोटी होते. नदीकाठावर टोळ्या वाटेची खंडणी घेतात हे खरं, पण ट्रेलर भरणारे बऱ्याचदा छोटे, उधारीवर जगणारे लोक असतात. दुसरं, सगळे मेक्सिकन स्पॅनिश बोलतात हे गृहीतक. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याचा मिश्तेक किंवा सापोतेक आदिवासी मजूर स्पॅनिशमध्येही अडखळतो. चौकशीच्या खोलीत दुभाषी बसलेला आहे आणि तरीही कोणी कोणाला समजत नाही, असं घडू शकतं.

मराठीत आणताना

शब्दांची निवड सोपी नाही. ‘घुसखोर’ लिहिलं की निवेदक सरकारी होतो. ‘निर्वासित’ चूक आहे. ‘कागद नसलेले’ हे मला सगळ्यांत बरं वाटतं, कारण स्पॅनिशमध्येही तसंच म्हणतात. ‘डंकी’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रुळला आहे. ५ फेब्रुवारी २०२५ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातून परत पाठवलेल्या १०४ जणांत ३ महाराष्ट्रातलेही होते. पण ती विमानांनी आणि दहा देशांतून वळसे घालत जाणारी वाट आहे; शेजारच्या देशात चालत जाणाऱ्या मेक्सिकन मजुराला तो शब्द चिकटवू नये. ‘कोयोते’ तसाच ठेवावा. पोयोसचं मात्र ‘कोंबड्या’ करावं, एकदा तरी, घर सांभाळणाऱ्याच्या तोंडी: ‘आज किती कोंबड्या आल्या?’

सर्वांत अवघड जागा ९११च्या फोनची. त्या रात्री ट्रेलरमधल्या एकाकडे मोबाइल होता. त्याने आपत्कालीन क्रमांक लावला, फोन लागलाही. पण फोन घेणाऱ्याला त्याची स्पॅनिश समजली नाही. मराठी कथेत दोन्ही बाजू मराठीत बोलू लागल्या तर हा प्रसंगच उरत नाही. उपाय असा: फोन घेणाऱ्याची इंग्रजी देवनागरीत तशीच ठेवावी, ‘सर, व्हॉट इज युवर लोकेशन?’, ती आपल्या वाचकाला कळते. आतल्या माणसाची स्पॅनिशही तशीच ठेवावी, ‘नोस एस्तामोस आओगांदो’, आणि तिचा अर्थ त्या पानावर देऊ नये. मराठी वाचक मग आपोआप फोन घेणाऱ्याच्या खुर्चीत बसतो. पलीकडे कोणीतरी ओरडतंय एवढंच त्याला कळतं. अर्थ द्यायचा तो शंभर पानांनंतर, न्यायालयात ध्वनिफीत वाजते आणि दुभाषी सपाट आवाजात वाक्य सांगतो तेव्हा: ‘आम्ही गुदमरतोय.’